येण्याचा उद्देश

महापालिकेचे तौर साहेब टेप घेऊन आले,
म्हणाले, मावशी, खोल्या मोजायच्या.
मोजा म्हणलं. तीन हायेत.
चौथी जी दिसू लागली ती खोली नाही,
जिन्याखालची जागा, तिथं सिलिंडर ऱ्हातो
आणि कधीमधी जाफराबादचे एक बाबा.

दहा बाय नऊ. दहा बाय आठ.
तिसरीत टेप कपाटाला अडली,
उरलेलं त्यांनी डोळ्यानं भरलं.
नवा नियम निघाला, पाहुण्यामागं कर,
माणशी रात्रीला वीस रुपये,
अन् दारावर परवान्याचा नंबर,
पांढऱ्यावर निळा, रस्त्यावरून दिसल असा.
बेगमपुऱ्यातली पंचेचाळीस घरं यादीत,
तुमचं एकतिसावं.

यादी मोबाईलमधून निघाली म्हणे.
पुढच्या गल्लीत शाहेदाच्या पोरानं
गच्चीवर वेताच्या दोन खुर्च्या टाकल्या,
मकबऱ्याचा एक मिनार दिसतो, तोही अर्धा,
त्याचे रात्रीला अडीच हजार.
त्याच्याकडं येणारे टॉवेलचे फोटो काढतात.
माझ्याकडं येतात ते घाटीतून,
काखेत एक्स-रेचं पाकीट,
फडक्यात कालच्या भाकरी, अन् विचारतात
चार्जिंग कुठं करायचं.
दोनशे रुपये, गरम पाणी एक बादली.
नळ आठव्या दिवशी येतो, हे मी आधीच सांगते.

मंग फॉर्म.
पाहुण्याचं नाव, गाव, आधार, किती रात्री.
येण्याचा उद्देश: पर्यटन, व्यवसाय, धार्मिक, इतर.
योग्य तिथं खूण करा.

साहेब, ही जिंतूरची आसराबाई, एकोणीस रात्री झाल्या.
सून वार्डात, नातू काचेच्या पेटीत,
सातव्या महिन्यात आला, हजार ग्रॅमचा.
रोज सकाळी ही वजन विचारून येते
अन् माझ्या गॅसच्या कॅलेंडरवर लिहिते.
काल वीस ग्रॅम वाढलं.
कुठं खूण करू?

तौर म्हणाले, इतर.
पेन थांबला त्यांचा, पण म्हणाले इतरच.

अन् जिन्याखालचे बाबा?
बायकोला घेऊन आले होते, दोन वर्षं झाली.
बाई गेली. बाबा अजून येतात,
बीपीच्या गोळ्या घाटीतच चांगल्या मिळतात म्हणतात,
दोन दिवस ऱ्हातात, माझा लसूण सोलून देतात.
पैसे मी घेत नाही, ते देत नाहीत.
तौर म्हणाले, मंग ते पाहुणे नाहीत, नातेवाईक दाखवा.
कोण लागतात?
मी म्हणलं, लसूण लिहा.
हसले उलसे. लिहिलं नाही.

खोटं कशाला बोलू, परवाना मलाबी पाहिजे होता.
मागच्या साली कुणीतरी अर्ज टाकला,
केसरबाई खरात चोरून लॉज चालवती म्हणून,
तवा दोन हवालदार पलंगाखाली वाकून पाहून गेले.
आता कागद असल.
पण मीबी विचारलं, कर घेता, टँकर कधी?
ते म्हणाले, ते खातं वेगळं.

जाता जाता उंबऱ्यात थांबले,
फॉर्मची मागची बाजू वाचू लागले, बारीक अक्षरं,
दहा वर्षांखालच्याला कर माफ.
तुमच्या त्या पेटीतल्याला सूट हाय, म्हणाले.
मी आसराबाईला सांगितलं.
तिला वाटलं, डिस्चार्ज.

भाडं दोनशे वीस केलं. कुणी घासाघीस केली नाही,
त्याचंच वाईट वाटलं.
शाहेदाच्या पोरानं चार खोल्यांच्या दोन लिहिल्या,
ते तौरांना दिसलं असल, नसल.

पाटी आली. पांढऱ्यावर निळा, एकतीस.
दुसऱ्याच दिवशी भोकरदनकडचा एक माणूस
पायऱ्यांखाली उभा, टोपी हातात,
एक्स-रे छातीशी धरलेला.
मी तांदूळ निवडू लागले, पाहिलं नाही.
तासाभरानं विचारलं, कामून उभे?

म्हणला, बाई, एकतीस लिहिलंय.
आत्ता कितवा नंबर चालू हाय?