आठ पास

उद्यमनगरात रात्री अकरानंतर
लेथ गप्प होतात, फौंड्रीची भट्टी राख पांघरते
आणि माझं मशीन एकटंच बोलत बसतं:
झ्झीं... खट. झ्झीं... खट.
दहा फुटी रुळावरून डोकं जातं, परत येतं.
पोटाला चार बाटल्या, निळी, किरमिजी, पिवळी, काळी,
ओठांना केसाहून बारीक भोकं.
ते रंग लावत नाही, शिंकतं.
शिदू पेंटरांचाच शब्द:
"बेनं शिंकतंय आणि लोक त्याला चित्र म्हणत्यात."

आठवीनंतर मी त्यांच्याकडे ब्रश धुवायला होते.
रॉकेलचा डबा, खडूच्या चौकटी,
पाठ मोडेस्तोवर पसरलेलं कापड.
नायिकेच्या एका डोळ्यात मांडी घालून
मी बाहुली काळी करायचे.
"जवळनं बघू नगंस," ते ओरडायचे,
"जवळनं कोण कुणाचं नसतंय.
रस्ता वलांडून जा, मग सांग कोण दिसतंय."

शेवटी शेवटी हात थरथरायचा त्यांचा.
एकदा इथं आले. ताजा फ्लेक्स हुंगला,
सॉल्व्हंटनं ठसका लागला,
पाणी प्यायले आणि म्हणाले,
"ह्याला हात न्हाई लागला गं कुणाचा."
मग भाव विचारला.

आज साडेअकराला दिग्विजय आला,
मोबाईल पुढं धरूनच.
"सकाळी सातला रक्षाविसर्जन.
तालमीच्या दारात लावायचाय. दहा बाय आठ."
फोटो सगळ्या टीमचा. गुडघाभर चिखल, मधोमध कप,
मागच्या रांगेत कडेला गोलकीपर,
सर्जेराव हारूगले. पुढं गूळ मार्केटात हमाली.
तोंड मसुरीच्या दाण्याएवढं.
"दुसरा न्हाईच का?"
"न्हाई ताई. त्यो कायम कडंलाच उभारायचा."

मोठा केला.
डोळ्याचे नऊ चौकोन झाले,
हसण्याच्या दोन पायऱ्या.
आणि खांद्यावर, कापलेल्या कुणाचा तरी,
मनगटापासूनचा हात. चार बोटं, करंगळीला पट्टी.
"हा कुणाचा? काढू?"
तो स्क्रीनकडं बघत राहिला.
"काढा."
मी दोन बोटं पुसली.
"थांबा. ऱ्हाऊ द्या."
परत आणली. विचारलं नाही.
त्यानं हात खिशात घातले होते.

पुढाऱ्यांचे वाढदिवस मी तीन पासवर सोडते.
गालावर पट्टे उठतात, पण गालाकडं बघतंय कोण?
ह्याला आठ लावले.
त्याच त्या बोटभर जागेवरून
आठदा जायचं, आठदा थोडं थोडं शिंपडायचं.

किरमिजीचं भोक तुंबलं.
चाचणीच्या रेघा मधेच तुटल्या,
कपाळ हिरवट यायला लागलं.
"आजारात असाच दिसत हुता," तो म्हणाला.
तरी मी थांबवलं. सिरींज, कापूस, कापडाचा बोळा.
त्यानं मोबाईलची बॅटरी धरली,
उजेड हलत होता.

मग केस आले. भुवया.
माणूस वरून खाली येत होता, तासाला दोन फूट.
नाक यायला एक वाजला.
चहा नव्हता, बिस्किटं होती.
खांदा आला. खांद्यावरचा हात आला,
परातीएवढा.
"वलं हाय, लावू नका," म्हणेपर्यंत
बोटं टेकली होती त्यानं.
पट्टीवर डाग उठला.
"परत काढू का?"
मान हलवली. नको.

साडेचारला शटरच्या पाईपला लटकवला.
"रस्ता वलांडून जा," मी म्हटलं,
कसं तोंडून गेलं कुणास ठाऊक.
तो गेला, फौंड्रीच्या भिंतीपाशी,
अंधारात दिसेनासा झाला.
वाऱ्यानं फुगू नये म्हणून
मी खालची कड पायानं दाबून उभी.
"कोण दिसतंय?"

बराच वेळ काहीच नाही.
पलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

ऐंशी फूट. बाराच्या भावानं नऊशे साठ.
आठ पासचे जादा लावले नाहीत.
पावतीवर माझा अंगठा उठला, किरमिजी.
ती त्यानं घडी न घालता नेली.