फुसका बार

माझं काम एवढंच: न फुटणारा बॉम्ब बनवायचा.
दिसायला अस्सल हवा.
वायरी लाल-पिवळ्या, कारण सिनेमात तशा असतात
आणि पोरांनी सिनेमाच पाहिलेला असतो.
आत लाकडाचा भुसा, कुंभारमाती, मूठभर वाळू.
वजन मात्र तोळामासा जुळवतो.
हलकं लागलं की संशय येतो,
हात भरून आला की माणूस विश्वास ठेवतो.

हा नेर्मिनसाठी. वय वीस.
ईरी सरोवराकाठी, बंद पडलेल्या रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यामागे घर.
टायरच्या दुकानात रात्रपाळी.
आई बोस्नियातून आली तेव्हा हा पोटात.

टेप ऐकणं माझं काम नव्हे.
ऐकल्या.
आमच्या माणसाला तो आमिजा म्हणतो, म्हणजे काका.
काकांना त्याच्या आईने बुरेक वाढलंय, दोनदा,
आग्रह करकरून.
काकांनी गाडीचा हप्ता भरलाय.
एके रात्री पोरगा म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू,
सेल्माचं लग्न आहे.
मग बराच वेळ नुसते वायपर.
मग काका: घाबरलास?

कागदावर उतरवलेल्या टेपांत हे पान चारशे बारा.
त्यावर माझ्या कॉफीचा डाग आहे.

पण चारशे तीसवर तोच विचारतो,
कुणी न विचारता,
हॉकीच्या मॅचला रविवारी माणसं किती येतात.
तो आवाज भोळा नव्हता.
हेही ऐकलंय मी. गिळून टाकता येत नाही,
थुंकताही येत नाही.

त्या रात्री त्याने बटण दाबलं.
बार फुसका निघाला, निघायचाच होता.
आणि तो काकांकडे वळून म्हणाला,
माझं काही चुकलं का?

कोर्टात मी शपथेवर सांगितलं,
या वस्तूपासून कधीच कुणाला धोका नव्हता.
तरी ज्यूरीतल्या एका आजींनी
खुर्ची हळूच मागे सरकवली.
मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये त्याची आई
माझ्या हातांकडे बघत होती.
मी ते खिशात घातले. थंडी होतीच.

पंचवीस वर्षं.

खटला संपल्यावर पेटी परत आली, सही करून घेतली.
उघडली तर आतून देवदाराच्या भुशाचा वास.
त्यात खरं असं एक घड्याळच.
अजून चालू होतं,
सात मिनिटं मागे.