आरपारचा दगड

आई सांगायची, बोगद्यात बाईनं पाऊल टाकायचं नाही.
डोंगराची देवी मत्सरी, तिला सवत खपत नाही,
चिडली की छत खाली आणते.
म्हणून डब्यांची गाडी ती तोंडापर्यंतच ढकलत न्यायची,
चाळीस डबे, भात, खारवलेला मुळा, माशाचा एकेक तुकडा,
आणि पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभी राहायची,
पोटात मी.
मुलगी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.
देवीला असेल.

सुरुंगाचा आवाज कानाला यायच्या आधी
तळपायाला यायचा.
मग धूर, मग माणसं, सगळी एकाच रंगाची,
त्यातला तोकुझो कोणता हे ती चालीवरून ओळखायची.

त्याआधी आमच्या गावाला हिवाळा म्हणजे पाच महिन्यांची कैद.
खिंडीत बर्फ साचला की पत्र नाही, डॉक्टर नाही.
कियो आत्याचं चहाचं दुकान छपरापर्यंत गाडलं जायचं
आणि ती माडीच्या खिडकीतून ये-जा करायची.
तिच्या पहिल्या बाळंतपणात सुईण आणायला गेलेले चौघे
चेरी फुलल्यावर परतले, असं गावात हसत सांगत.
बाळाचं काय झालं ते कोणी सांगत नसे.

मार्चमध्ये दोन्ही बाजू भेटल्या.
शेवटची भिंत फुटली तेव्हा पलीकडून आधी वारा आला,
मग एक हात, त्या हातात साकेची बाटली.
बाबांनी भिंतीचा एक कपचा खिशात घातला.
आरपारचा दगड. मुठीत धरला
की बाई सुखरूप मोकळी होते, अशी समजूत.
जिनं बाईला आत येऊ दिलं नाही
तिच्याच अंगाचा तुकडा बाईच्या मुठीत.
मला याचं आजही नवल वाटतं.
आईला कधीच वाटलं नाही. "देणं फेडलं तिनं," म्हणायची.

रस्ता सुरू झाला. साडेतीन मिनिटं.
बाबांची सात वर्षं साडेतीन मिनिटांत मागे पडायची,
आणि मागच्या सीटवर मी
श्वास रोखायची पैज दरवेळी हरायची.
पिवळे दिवे, सगळ्यांचे ओठ काळे,
रेडिओवरचा माणूस वाक्य अर्धं टाकून गेलेला.
एका जागी, नेहमी त्याच जागी,
बाबा स्टिअरिंगवरचा एक हात काढून टोपी उचलायचे
आणि परत ठेवायचे.
तिथे काही नव्हतं. पांढऱ्या फरशा.
आग विझवायच्या नळाचा क्रमांक, एकोणीस.

पुढे धुळीनं त्यांची फुप्फुसं भरली.
एक्स-रेमध्ये ती जानेवारीतल्या खिंडीसारखी दिसायची.

नंतर मी आईला विचारलं, एकोणीसला काय झालं होतं?
ती मुळा किसत होती.
"तिथे त्यांचं डोकं खाजायचं,"
आणि तिनं आणखी एक मुळा घेतला.
घरात आम्ही दोघीच. इतका मुळा कोण खाणार होतं.

मिओरी झाली तेव्हा दगड माझ्या मुठीत होता,
इतका दाबलेला की त्याची धार
चार दिवस तळहातावर राहिली.
आता मिओरी ओसाकाला, तिला नववा लागलाय.
दगड लोकरी मोज्यात गुंडाळला,
'आत काय आहे' या रकान्यात 'दगड' लिहिलं
आणि डोंगरापलीकडच्या पोस्टात नेऊन दिला.
कारकुनानं ते दोनदा वाचलं.

परत येताना एकोणीस आला.
माझ्या डोक्यावर टोपी नाही.
मी काच खाली केली.
थंड, ओला वास आत आला, डब्याच्या झाकणाचा असतो तसा.
गाडीचा वेग कमी झाला असावा,
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, लांबलचक,
आणि तो भिंतीभिंतीनं पुढे गेला,
माझ्या आधी बाहेर पडला.