पहिली वेलांटी

लावण्या बिटलाच्या वहीत
मी दोन वर्षं लाल शाई सांडली.
'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात',
'कलम' सांगितलं की 'कमल'.
शेरा लिहिला : घरी तेलुगू बोलतात, म्हणून.
तिची थोरली बहीण त्याच घरातून येऊन
शुद्धलेखनाचं बक्षीस घेऊन गेली होती,
हे तेव्हा आठवलं नाही.

एकदा तास संपता संपता तिनं विचारलं,
बाई, 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो,
मग वेलांटी आधी का काढायची?
वर्ग हसला. मीही.
म्हटलं, खाली बस, आधी नीट काढायला शीक.
बावीस वर्षं शिकवतेय.
मला उत्तर येत नव्हतं.

तीन दिवस पोरगी शाळेत नाही,
म्हणून साखर पेठेत त्यांच्या कारखान्यात गेले.
माग बंद.
बाप कपाळाला हात लावून,
भुवयांवर कापसाची धूळ.
चादरीवरच्या मोराची मान
दर खेपेला त्याच जागी तुटत होती.

वर जकार्डवर पुठ्ठ्यांची माळ,
नुसती भोकंच भोकं,
आणि स्टुलावर लावण्या, डोळे मिटून,
एकेक पुठ्ठा बोटांखालून सरकवत.
"नायना, हा."
एकशे सदतिसावा. एक भोक जास्तीचं.
तिनं ते बुजवलं, बापानं कळ दाबली,
खडाक-खट, खडाक-खट,
मान सरळ.

कसं गं कळलं?
"मोर पाठ आहे की, बाई.
ह्यो पुठ्ठा त्यात बसत नव्हता."

तिथंच म्हणता आलं असतं
की सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते,
इकडचा लाल तिकडं पांढरा, एवढंच.
भाषणात टाळ्या पडल्या असत्या.
पण सहामाही सोमवारी होती
आणि पेपरात मोर नव्हता.

सिव्हिलच्या तीन खेपा झाल्या,
चौथ्या वेळी डॉक्टर रजेवर.
खाडा बिटलांचा पडतो,
आणि दाखला मिळेपर्यंत
ती ढ च.

बाद पुठ्ठे मागून आणलेत.
रात्री दाभणानं त्यांवर अक्षरं टोचते,
ती सकाळी बोटं फिरवते.
घ जमला. ध अजून निसटतो.

काल 'किती' सांगितलं.
तिनं क काढला, थांबली,
मागं येऊन वेलांटी दिली.
बरोबर.
"पण ऐकू नंतरच येते," म्हणाली.
हो, म्हटलं मी. नंतरच येते.