बुधवारची चादर

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझं काम मुक्यानं करायचं.
पुस्तकाच्या पाठीला नंबर चिकटवायचा,
ते कुठल्या कपाटात झोपेल ते ठरवायचं.
मग एका सप्टेंबरात वरून फर्मान आलं:
पुस्तकं गावात न्या.
गाव आपल्याकडे येत नाही,
काचेच्या दाराला बिचकतं.

म्हणून दर बुधवारी, चारच्या सुमाराला,
चाकांच्या दोन पेट्या ओढत
हडर्सफील्डचा तो चढ चढते,
हिंचक्लिफबाईंच्या दुकानापर्यंत.
नाणी टाकायची, कपडे धुवायचे, असं दुकान.
बारा यंत्रं, एक बाक, साबणाचा वास.
मुलं इथे असतातच.
आयांचे कपडे फिरून होईस्तोवर
त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते.

पहिल्या दिवशी मी फार गोड आवाज काढला.
केझाया म्हणाली, "तू घरीपण अशीच बोलतेस?"
वय आठ, पुढचे दात दोन कमी, भीड शून्य.
तेव्हापासून माझ्याच आवाजात वाचते,
घरघरीच्या वर चढून.
आणि यंत्रं कपडे पिळायला लागली,
सगळं दुकान थरथरायला लागलं,
की पानावर बोट ठेवून थांबते.
अस्वल दारात उभं. आत कोण?
दीड मिनिट कुणालाच कळत नाही.
एवढं लांब मध्यंतर
कुठल्या लेखकाची छाती होणार नाही घ्यायची.

रेझानला गोष्ट नको असते, अक्षरं हवी असतात.
"तुमचं सगळ्यात अवघड कुठलं?"
माझ्या बिल्ल्यावरचं पळसुले
बावीस वर्षांत इथे कुणाच्या तोंडी सरळ उभं राहिलेलं नाही.
वाफ धरलेल्या काचेवर मी बोटानं ळ काढला.
"जीभ मागे वळव. टाळूला लाव. सोड."
सात जिभा मागे वळल्या.
कुणाचा ल झाला, कुणाचा ड,
केझायाची तर शिंकच झाली.
आणि ड्रायरपाशी, पाठमोरं,
कुणीतरी हळूच, लख्ख म्हणालं: ळ.

ऑर्विल. सत्तरी उलटलेले, चाळीस वर्षं बस चालवलेले.
"डेपोत एक काळे होता.
सगळे त्याला केल म्हणायचे, ती पालेभाजी.
मी तेवढं नाव नीट शिकलो.
रात्रपाळीला तोच मला पेपर वाचून दाखवायचा."
मग गप्प झाले,
खिशातून भलतंच काही बाहेर पडल्यासारखे.
चादर काढली, चार कोपरे जुळवले, गेले.

हिंचक्लिफबाई नाणी मोजत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"ती चादर ऑक्टोबरपासून स्वच्छ आहे, पोरी.
दर बुधवारी तीच आणतो.
सगळ्यात लांबचं बटण दाबतो
आणि तुझं अस्वल ऐकत बसतो."

महिनाअखेरीला तक्ता भरायचा असतो.
मुलं: सात. नेलेली पुस्तकं: अकरा. परत आलेली: नऊ,
एकावर निळ्या साबणाचा डाग.
मोठी माणसं: इथे मी शून्य लिहीत आले.
जे कपडे धुवायला आलेत ते मोजायचे नाहीत,
असं आमच्या बैठकीत ठरलंय,
आणि ठरवताना मीच मान डोलावली होती.

पुढच्या बुधवारी बाक जरासा फिरवला,
उजेड नीट येत नाही म्हणाले.
पुस्तक उंच धरलं,
आणि शब्दाखालून बोट सावकाश नेत राहिले,
पुढच्यांना गरज नव्हती इतकं सावकाश.
केझाया वैतागली. "भरभर वाच ना!"
रेझाननं एकदा मागे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि तिला कोपर मारलं.

पाच नंबरचं यंत्र थांबलं. दिवा विझला.
आत चादर, ओली, गोळा होऊन.
कुणी उठलं नाही.
मी पान उलटलं.