तिरस्करिसलागिदे

खानापूरच्या कोर्टाबाहेर, चिंचेखाली माझं टेबल.
कन्नडचं मराठी, मराठीचं कन्नड, दोन्हींचं इंग्रजी:
पानाला साठ रुपये, शपथपत्राला ऐंशी.

मंगळवारी चापगावचा मष्णू हलगेकर आला.
पिशवीतल्या पिशवीतून कागद काढला.
उताऱ्यावर आईचं नाव चुकलंय,
गंगूबाईची कुणीतरी गंगव्वा केली.
दुरुस्तीचा अर्ज परत आलेला, कोपऱ्यात जांभळा शिक्का.
शाळेत चार वर्षं शिकलेलं कन्नड
त्यानं बोटाखाली धरून वाचलं:
ति-र-स्क-रि-स-ला-गि-दे.
मान खाली ठेवूनच विचारलं,
"बाई, मी काय वाईट केलो त्येंचं?
एवढा तिरस्कार कशाला?"

मी हसले. हसायला नको होतं.
म्हटलं, मामा, हा आपला तिरस्कार नव्हे.
त्यांच्यात त्याचा अर्थ नुसता नामंजूर.
फाटकी नोट वाणी परत सरकवतो, तसं.
"म्हंजे राग न्हाई?"
"नाही."
"मग त्या बाईनं तोंडाकडं का बघितलं न्हाई?"

ह्याला माझ्या दरपत्रकात उत्तर नव्हतं.

आपल्या तिरस्काराला समोर माणूस लागतो.
बांधावरून तुटलेला चुलता बारा वर्षं बोलत नाही,
पण पुतण्याचा ट्रॅक्टर दिसला की थुंकतो,
म्हणजे रोज आठवण काढतो.
हेटाळणीला चार माणसं जमवावी लागतात.
तिटकारा तर पोटातूनच येतो, त्याला कुणाची परवानगी नको.
पण मान न उचलता शिक्का मारणं,
शाई वाळायच्या आत पुढचा कागद ओढणं,
ह्याला काय म्हणू?

त्याच सकाळी एका नोटिशीचं भाषांतर चाललं होतं.
साहेबांसमोर कुणी आवाज चढवला, म्हणून कंटेम्प्ट.
मी अवमान लिहिलं, सवयीनं,
आणि पेन तिथंच थांबलं.
वरून खाली येतं तेही इंग्रजीत कंटेम्प्ट,
खालून वर जातं तेही.
फक्त वर जाणाऱ्याला दंड आहे.
मष्णूमामा त्या खिडकीत ओरडला असता
तर तो शब्द त्याच्यावर लागला असता,
कलमासकट.

(मला पुण्यात कळला होता तो, शब्दाशिवाय.
आतेबहिणीच्या हॉलमध्ये मी म्हटलं, "बरं, येतो मी,"
आमच्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तसं.
ती हसली, प्रेमानं. डब्यात लाडूही दिले.
तेव्हापासून कागदावर मी 'येते'.)

आणि खिडकीतली निंगव्वा कडकोळ,
जेवणाच्या सुट्टीत रोटी मोडता मोडता मला सांगते,
बेंगळूरच्या ट्रेनिंगात तिच्या रामदुर्गी कन्नडवर
मागच्या बाकावरून कोण कसं खोकायचं.
"तात्सार," म्हणते, आणि शेंगादाण्याची चटणी पुढं करते.
तो शब्द मी अजून कशातच उतरवू शकले नाही.

शाळेत कामतबाई सांगायच्या,
संस्कृतात पडद्याला तिरस्करिणी म्हणत.
पलीकडं करणारी ती.
म्हणजे मुळात राग नव्हताच त्यात.
नजरेआड ठेवायचं, एवढंच.
राग आपण घातला, मराठीनं,
माणूस पडद्यामागं गेला तरी त्याची ऊब राहावी म्हणून,
कोण जाणे.

मी नवा अर्ज लिहिला.
गंगूबाई, दोन्ही लिप्यांत, ठळक.
मामानं पैसे मोजले, उठता उठता थांबला.
"मराठीत शिक्का असता तर काय मारला असता?"
"नामंजूर."
त्यानं शब्द तोंडात फिरवून बघितला,
कच्च्या चिंचेसारखा.
"नको," म्हणाला. "तिरस्कारच बरा होता.
आठ दिवस मला वाटूलतं,
त्या हापिसात कोणतर मला वळखतंय."

पाच रुपये सुट्टे नव्हते माझ्याकडं.
राहू दे, म्हणाला,
आणि खिडकीच्या रांगेत सगळ्यात मागं जाऊन उभा राहिला.