मोराचा डोळा

तीस वर्षं मी पुठ्ठ्याला भोकं पाडली,
साखर पेठेतल्या एका माडीवर.
जाकार्डचे पत्ते. जिथं भोक, तिथं दोरा उठतो,
जिथं नाही, तिथं दबून राहतो.
चादरीवर मोर असाच उतरतो,
पण पंच मारणाऱ्याला मोर दिसत नाही,
त्याला आकडे दिसतात.
मग संगणक आला. मालकानं चहा पाजला,
म्हणाला, कोरे पत्ते उरलेत, हवे तर ने.
दोन गठ्ठे सायकलला बांधून आणले.
कशाला, ते विचारू नका.

आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर
खाजाभाई नदाफ रोज सुविचार लिहायचा.
एका सोमवारी म्हणाला, सुविचारांची वही उंदरानं खाल्ली.
आणि त्यानं प्रश्न लिहिला:
काल दुपारी दोन वाजता तुम्ही कुठं होता?
पेपर वाचणारे हसले.
मी घरी येऊन एका पत्त्यावर लिहिलं,
"घरीच. पंख्याखाली.
लाइट गेली होती, तरी पंख्याखालीच."

दुसऱ्या दिवशी: गल्लीत सगळ्यात आधी कोण उठतं?
आता हे बघायला मलाच आधी उठावं लागलं.
समोरची राजमणी बोल्ली उठते.
अंधारात तेंदूची पानं भिजवते.
ओल्या पानांच्या त्या वासात मी जन्मलो,
तो वास आहे, हे मात्र त्या पहाटे कळलं.
पत्ता दोन्ही बाजूंनी भरला.

असं रोज झालं असं नाही.
एप्रिलात घामानं पेन निसटायचं.
एकदा आठवडाभर काहीच नाही,
फळ्यासमोरून मान खाली घालून गेलो,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून जावं तसा.
पाचव्या दिवशी नळ आला त्या रात्री
एवढंच सुचलं: "चौदा घागरी. दोन पिंपं. कंबर."
खाजाभाईला विचारलं, हे चालतं का?
तो म्हणाला, कंबर लिहिलीस ना? मग चालतं.

हळूहळू हात आपोआप सरकू लागला,
सकाळच्या दुसऱ्या चहाला, कपाच्या आधी पत्त्याकडं.

मग तो प्रश्न आला.
कुणाला उत्तर द्यायचं राहिलंय?
एक दिवस गेला. दोन गेले.
खाजाभाईनं फळा पुसलाच नाही.
खडू संपलाय म्हणाला.
खिशात पांढरं बोट दिसत होतं त्याच्या खडूचं.

चौथ्या दिवशी लिहिलं:
"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भूदेवीनं विचारलं,
दिवसभर भोकं पाडता, त्यातनं दिसतं काय?
मी म्हणालो, जेवायला वाढ."

रात्री तिला वाचून दाखवलं.
मांडीवर सूप, बोटं विड्या वळतच होती.
धागा दातानं तोडून ती म्हणाली,
"असं नव्हतं विचारलं मी.
मोराचा डोळा कुठल्या पत्त्यात असतो, असं विचारलं होतं.
आणि जेवायला वाढ असं तुम्ही म्हणाला नाही.
तुम्ही काहीच म्हणाला नाही."

पुठ्ठ्यावर खोडता येत नाही.
चुकलेलं भोक बुजत नाही, पत्ताच बदलावा लागतो.
मी नवा घेतला.

उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं.
"एकशे बारावर डोळा उघडतो,
एकशे तेरावर बुबुळ,
चौदावर मिटतो.
तीन पत्ते लागतात, भूदेवी,
नीट बघायला."
एक्केचाळीस वर्षं उशिरा, मोठ्यानं वाचलं.

ती थोडा वेळ गप्प. बोटं थांबली होती.
बाहेर कुणाचा तरी माग अजून चालू होता,
खटक खटक.
मग सूप पुन्हा मांडीवर ओढत तिनं विचारलं,

"आणि पिसारा?"